ढेकळांचा कोपरा

अक्का, मारवेल गवताची ठोंबं अजून परसातच आहेत. खताच्या फाटक्या गोण्यांत तू लावून ठेवलेली, न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेली. पहिल्या दिवशी मी मोजायला बसलो आणि मध्येच सोडून दिलं. तुला जाऊन सव्वा महिना झाला. दर शनिवारी संध्याकाळी हिंगोलीहून येतो, कुलूप काढतो, चूळ भरायच्या आधी त्यांना पाणी घालतो. गोणीतून मुळ्या बाहेर आल्यात. आता जमिनीत गेली नाहीत तर कुजतील, हे मलाही कळतं. पण लावू कुठं? जे वावर मी त्यांच्यासाठी तयार केलं होतं, त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. तुला तर माझ्याही आधी ठाऊक होतं.

तू गेल्यावर लोक भेटायला आले आणि जे बोलायचं ते बोलून गेले. मोठी कष्टाळू बाई. बाईमाणूस असून ट्रॅक्टर चालवायची. भावाला शिकवलं. मी मान हलवत होतो. सगळं खरंच होतं, फक्त त्यात तू कुठं दिसत नव्हतीस. तू म्हणजे कामावर असताना सकाळी अकराला येणारा फोन. मी शाळेच्या कार्यालयात हजेरीपटात डोकं घालून बसलेलो असायचो आणि फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'कसा आहेस' नाही, एकदम मधूनच सुरुवात. "मंग त्याचं मी काय केलं सांगू का." कशाचं, ते आपणच ओळखायचं. शेजारचे मास्तर हसायचे. म्हणायचे, अक्कांचा फोन आला वाटतं, तुमचा चेहरा भांडायच्या तयारीत दिसतोय.

आणि आपण भांडायचोच. मी सातवीत असताना तू शिरड शहापूरच्या सासरहून एक ट्रंक घेऊन परत आलीस, तेव्हापासून. का आलीस, ते घरात कुणी विचारलं नाही. आईनं ट्रंक आत घेतली आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात खुरपं दिलं. मी विचारायचं तर लहान होतो, आणि मोठा झाल्यावर वाटलं आता कसं विचारायचं. मग बाकी सगळ्यावरून भांडलो. बैल विकण्यावरून, मीनाच्या माहेरच्यांवरून, चहात साखर किती यावरून. मीना, माझी बायको, सुरुवातीला घाबरायची. नंतर तिला कळलं की या दोघांचं हेच बोलणं आहे.

शेवटचं मोठं भांडण गवतावरून झालं.

विहिरीजवळचं एकराचं वावर दोन वर्षं पडीक होतं. शेवटची तूर निघाली तेव्हापासून तुझे गुडघे गेले, मग दम लागायला लागला. निंदायला बाया मिळेनात. तुरीची धसकटं तशीच उभी, त्याच्याही आधीच्या कापसाच्या सऱ्या अर्धवट बुजलेल्या, चालताना पाय मुरगळेल अशी जमीन. वर हराळी पसरलेली. एके दिवशी अकराला फोन आला. "मी काय म्हन्ते, तिथं मारवेल लावू. दोन म्हशींपुरतं गवत व्हईल. एकदा लावलं की पाच-सात साल पाहायला नको."

मला इतका राग आला की मास्तरांसमोर मी उठून व्हरांड्यात गेलो. आईच्या वावरात गवत? आपल्या गावात एखाद्याचा संसार मोडला, माणूस दारूला लागला, घरात कर्ता राहिला नाही, की लोक एकच वाक्य बोलतात: त्याच्या शेतात गवत माजलंय. आपल्या आईचे दोन्ही हात गवत उपटून वाकडे झाले होते. शेवटी शेवटी तिला भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही. ती पाठीच्या कण्यातून वाकून ओळीनं पुढं सरकायची आणि मागं तू, तिच्या मागं मी. ती म्हणायची, गवत ठेवलं की ते आपल्याला ठेवत नाही. आणि तू म्हणतेस, लावू?

"आईनं जन्मभर उपटलं अक्का, आणि तू मुद्दाम लावणार?"

"तिनं जन्मभर उपटलं म्हनून संपलं का ते?"

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हन्तील?"

"म्हणतील अक्का थकली, भाऊ हिंगोलीत खुर्चीवर बसला, अन् वावरात गवत माजलं."

 मग म्हणालीस, "व्हय, थकले ना मी. थकले म्हनायला बी बंदी हाय का, सुभ्या?"

मी फोन ठेवला. आज कबूल करतो, मला आईच्या हातांचं काही पडलं नव्हतं. मला त्या वाक्यातल्या खुर्चीवर बसलेल्या भावाचं पडलं होतं.

पंधरा दिवस तू फोन केला नाहीस. मीही नाही. मग होळीच्या आदल्या रविवारी मी गावी आलो, तर तू वावरात होतीस. तुझा तो छोटा ट्रॅक्टर, वसमतच्या हळदवाल्याकडून घेतलेला, हळदीच्या ओळींतून चालून चालून रंग उडालेला. बैल गेल्यावर घेतलास. बावन्नाव्या वर्षी चालवायला शिकलीस, सीटवर पोतं घडी करून टाकलंस, आणि गावानं त्याला 'अक्काचं खेळणं' नाव ठेवलं तेव्हा तूच सगळ्यात जास्त हसलीस. त्या दिवशी त्याला मागं नांगर लावून तू विहिरीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली होतीस. पाच फेरे झाले होते. माती अशी उलटली होती की एकेक ढेकूळ घागरीएवढं. आणि तू बांधावर पाय पसरून बसली होतीस.

मी म्हणालो, "एवढंच? सकाळपासून काय केलंस?"

चेष्टेत म्हणालो होतो. तुझा चेहरा घामानं पांढरा पडलेला मला दिसला होता, पण तो उन्हामुळं, असं मी ठरवून टाकलं. माणूस जे बघायचं नाही ते किती सहज ठरवून टाकतो बघ. तू पदरानं तोंड पुसलंस आणि जणू पंधरा दिवसांचा अबोला झालाच नाही अशी शिकवायला लागलीस.

"आधी धसकटं काढायची. मंग नांगर. उभा नांगर, खोल. मंग ऊन. दोन महिने हात लावायचा न्हाई, ढेकळं भाजू द्यायची. मंग हराळीच्या काश्या वेचायच्या, एकूण एक. अन् सगळ्यात शेवटी ते तुमचं माती बारीक करनारं रोटाव्हेटर."

"एवढा खटाटोप कशाला? गवतच लावायचंय ना? रोटाव्हेटर फिरवला की झालं."

"हराळी हाय याच्यात. हराळीत रोटाव्हेटर घालायचा नसतो. तिची काशी जमिनीखाली दोरीवानी पसरती. एक तुकडा केला की एक झाड. शंभर केले की शंभर."

"हराळीसुद्धा गवतच की. म्हशी खातात."

"जनावर हराळी खातं, पर हराळी वावर खाती." मग तू वर बघितलंस. "ऊन बी औजारच हाय सुभ्या. अन् त्याला डिझेल लागत न्हाई."

हे सगळं मी ऐकलं होतं, अक्का. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय तू ठेवली नाहीस. ऐकलं, आणि वाटलं, ही बाई प्रत्येक गोष्ट अवघड करून सांगते. तिसरी नापास बाई मला, पदवीधराला, गवत लावायचे पाच धडे देते. हेही वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण आता कुणापासून लपवू?

पुढं तू नांगरलं नाहीस. तुला नांगरता आलंच नाही. तो पाच फेऱ्यांचा कोपरा तसाच राहिला आणि बाकीचं वावर धसकटं घेऊन उभं. चैत्रात तुझा दम वाढला. वैशाखात नांदेडच्या दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर आमच्याशी इंग्रजीत बोलायचे आणि तुझ्याशी हिंदीत, आणि दोन्हीकडं पूर्ण कुणीच सांगत नव्हतं. पहिल्या रात्रीनंतर सकाळी तू जरा हुशार झालीस आणि पहिलं काय विचारलंस? "ठोंबांला पानी घातलं का कुनी?"

तेव्हा माझ्या मनात आलं की आपण हे वावर तयार करून द्यायचं. तू घरी येशील तेव्हा लावायला तयार असलेलं. मी तुला माफ कर म्हणू शकत नव्हतो. आपल्या घरात तो शब्दच कुणी वापरला नाही. आई चुकली की दुसऱ्या दिवशी आवडीची भाजी करायची. तू चुकलीस की माझ्या शर्टाची बटणं लावून ठेवायचीस. मला भाजी येत नाही, बटण येत नाही. मी म्हटलं, आपण वावर करू.

मीनाला तुझ्यापाशी बसवून मी गावी आलो. आदल्या दिवशी अवकाळीची एक सर पडून गेली होती, वरची माती मऊ दिसत होती. मला वाटलं, योग आहे. शेजारच्या वावराचे गंगारामभाऊ परभणीला लेकीकडं गेले होते. ते असते तर त्यांनी मला बांधावरूनच शिव्या घातल्या असत्या. पुसेगावच्या एकाकडून छोटा रोटाव्हेटर आणला. तो माणूस स्वतः जोडून द्यायला आला, चांगला माणूस. त्यानं वाकून बोल्ट आवळता आवळता विचारलं, "नांगरट झाली का सर?"

मी म्हणालो, "झाली."

पाच फेऱ्यांची झालीच होती की. असा मी.

त्या दिवसासारखा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, तेही सांगतो. तुझ्या पोत्यावर बसलो. क्लच सोडताना तीनदा बंद पडला, चौथ्यांदा चालला. धसकटं कडाकड मोडत होती, मागं माती पिठासारखी पडत होती. सऱ्या गेल्या, खड्डे गेले. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. एकजण ओरडला, "सर, तुमी? अक्का कशी हाय?" मी हात वर केला. अर्ध्या दिवसात एकर. दोन वर्षं ओबडधोबड पडलेलं वावर अंगणासारखं झालं. खाली उतरून मूठभर माती हातात घेतली तर बोटांतून गळाली. चार बोटांखाली ती तशीच टणक होती, आणि त्या गळणाऱ्या मातीत पांढरे पांढरे तुकडे होते, बोटाच्या पेराएवढे. मी बघितले. मला वाटलं, धसकटांचे असतील.

फक्त तुझा कोपरा राहिला. तिथं गेलो तर रोटाव्हेटर ढेकळांवर उड्या मारायला लागला. ट्रॅक्टर एकदा असा कलला की मी उडी मारायच्या बेतात होतो. दोन-तीनदा प्रयत्न करून सोडून दिला आणि मनात तुलाच बोललो, काय करून ठेवलंय हिनं, सगळ्या वावरात एवढाच कोपरा अडचणीचा. मग फोन काढून चित्रीकरण केलं. या बांधापासून त्या बांधापर्यंत. तुझा कोपरा चौकटीत येणार नाही असा फोन धरला.

दुसऱ्या दिवशी तुला दाखवलं. आठवतं? तुझ्या नाकाला नळी होती. खाटेचं डोकं मी वर केलं, चष्मा लावून दिला, आणि फोन तुझ्या डोळ्यांसमोर धरला. तू बघितलंस. मग म्हणालीस, "परत लाव." पुन्हा बघितलंस. माती जवळून दिसते तिथं तुझं बोट पडद्यापाशी गेलं आणि थांबलं. मी वाट बघत होतो. छाती फुगवून, खरंच सांगतो, शाळेतल्या पोरासारखा वाट बघत होतो.

"माझा कोपरा न्हाई दिसला?"

"तो राहिलाय. नंतर करतो."

"ऱ्हाऊ दे तो. त्याला हात लावू नको."

मला वाटलं, रुसलीस. तुझ्या कामाला नावं ठेवली असं वाटलं असेल. मी विचारलं, "बाकी कसं झालंय?"

तू चष्मा काढून माझ्या हातात दिलास. "लई बेस झालं," म्हणालीस. "लई बेस केलंस, सुभ्या."

अक्का, चाळीस वर्षांत तू मला बेस म्हणाली नव्हतीस. मी दहावी पास झालो तेव्हा "गनितात कमी काहून?" विचारलंस. नोकरी लागली तेव्हा म्हणालीस, "टिकव म्हंजे झालं." घर बांधलं तर आल्या आल्या म्हणालीस, स्वयंपाकघरात उजेड कमी आहे. आणि रोटाव्हेटरनं सगळ्या वावराचा सत्यानाश करून आलो तर, बेस. मी मूर्खासारखा खूश झालो. खाली जाऊन चहा प्यालो, सकाळीच घरी गेलेल्या मीनाला फोन करून सांगितलं. ज्या दिवशी तू माझ्याशी भांडली नाहीस, त्या दिवशीच मला कळायला हवं होतं. डॉक्टरांच्या कोणत्याही कागदापेक्षा ते स्पष्ट होतं.

पुढचे चार दिवस मी तुझ्याजवळ होतो. वावर झालं होतं, आता कुठं पळायचं नव्हतं. मी शाळेत रजा टाकली. तुझे केस विंचरले, मला गुंता काढता येईना तेव्हा म्हणालीस, "म्हशीला खरारा करून राहिला का?" मोसंबी सोलून दिली, तू दोन फोडी खाल्ल्यास आणि बाकीच्या मला खायला लावल्यास. पेपर वाचून दाखवला. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि मी थांबलो की एक डोळा उघडायचीस. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी तुझे तळवे दाबत होतो, तू अचानक म्हणालीस, "शिरडला असताना एकदा काय झालं..."

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू ते नाव स्वतःहून घेतलंस. तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली. ती गेल्यावर मी विचारलं, काय झालं होतं शिरडला? तू म्हणालीस, "जाऊ दे. लांबन हाय. उद्या सांगते."

उद्या तुला बोलता येत नव्हतं. परवा तू नव्हतीस.

ती दुपार मी पुन्हा पुन्हा उघडून बघतो. सिस्टरला दोन मिनिटं थांबा म्हणालो असतो तर? पण सुईची वेळ झाली होती, आणि सुई लागली तर तू बरी होशील असं मला वाटत होतं. अशा वेळी माणूस सुईलाच पुढं जाऊ देतो.

तुझं सगळं करून आम्ही हिंगोलीला आलो. म्हशी गंगारामभाऊंनी स्वतःच्या गोठ्यात नेऊन बांधल्या, विचारलंही नाही. मग मृगाचा पाऊस झाला आणि त्यानंतरच्या शनिवारी मी ठोंबं लावायची म्हणून टोपली, कुदळ घेऊन वावरात गेलो. बांधावर चढलो आणि उभाच राहिलो. सगळं वावर हिरवं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं तसूभर माती दिसू नये असं. क्षणभर, एकच क्षण, मला वाटलं तूच लावून गेलीस. मग वाकून बघितलं. हराळी. आधी पसरलेली होती तिच्या दसपट. प्रत्येक तुकड्याला कोंब. मी एक उपटायला गेलो तर वरचं पातं हातात आलं आणि काशी खाली तशीच. दुसरी उपटली, तसंच. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उपटत सुटलो. किती वेळ, माहीत नाही. मागं वळून बघितलं तर चटईएवढी जागा झाली होती, आणि तीही नीट नाही.

गंगारामभाऊ कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी मला उठवलं, बांधावर बसवलं, पाणी दिलं.

"भाऊ, तिला कळलं नाही हे एक बरं झालं," मी म्हणालो.

ते तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "तिला कळलं व्हतं."

तू गेलीस त्याच्या दोन दिवस आधी ते तुला बघायला आले होते, मी औषधं आणायला खाली गेलो होतो. उशाशी राहिलेला माझा फोन तू त्यांना उघडायला लावलास आणि वावराचं ते चित्रीकरण दाखवलंस. "म्या पाह्यलं अन् म्हनलं, अक्का, याच्यात तर हराळी व्हती. काश्या दिसून राहिल्या चांगल्या. तर म्हने, व्हय, दिसल्या मला. म्या म्हनलं, मंग त्याला सांगितलं काहून न्हाई? लेकरू निदान वेचायला तरी लागलं असतं." गंगारामभाऊंनी मळलेली तंबाखू तशीच झटकून टाकली.  "तर म्हने, सांगितलं तर पळंल तो वावरात. ऱ्हाऊ द्या त्याला इथं चार दिस. वावर कुठं जातंय."

अक्का, मी त्यांच्यासमोर रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, शेंबूड पुसत. ते बिचारे दुसरीकडं बघत बसले.

म्हणजे ते चार दिवस मला असेच मिळाले नव्हते. ते तू घेतलेस, एक एकर जमीन देऊन. तुझी ठोंबं, तुझं दोन वर्षांचं मनात धरलेलं गवत, सगळं त्या चार दिवसांवरून ओवाळून टाकलंस, आणि मी समोर बसून पेपर वाचत होतो. मला तुझे उपकार मानायचेत आणि मला तुझा भयंकर रागही आलाय. खरं सांगितलं असतंस तर मी कुठं गेलो असतो? गेलो असतो. तू मला बरोबर ओळखलंस. चूक दुरुस्त करायला मी धावत गेलो असतो, आणि तुझ्याजवळ बसायला नाही. आयुष्यभर मी तुझ्यासाठी काहीतरी करायला निघालो आणि त्यामुळंच तुझ्याजवळ थांबलो नाही. हे तुला चाळीस वर्षं दिसत होतं आणि मला हराळीनं दाखवलं.

तुझ्या कोपऱ्याचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी परत निघताना टोपली घ्यायला विहिरीकडं गेलो, तर तिथली जमीन काळी होती. सगळ्या हिरव्यात तेवढीच काळी, मोकळी. होळीपासून उन्हात भाजलेली ती घागरीएवढी ढेकळं पावसानं विरून गेली होती. एक उरलं होतं, त्यावर बोट ठेवलं तर फुटलं. आत हराळीच्या काश्या होत्या, तपकिरी, वाळलेल्या, सुतळीसारख्या. चिमटीत धरल्या की कट्‌कन मोडायच्या. मेलेल्या. पाच फेऱ्यांत, दम लागलेला असताना, तू केलं ते केलं. ज्याला मी ओबडधोबड म्हणून चौकटीबाहेर ठेवलं, तेवढंच वावर तयार होतं.

मी तिथं मारवेल लावलं. हातभर अंतरावर एकेक ठोंब, तू सांगितलं होतंस तसं, मुळाशी पाय देऊन माती दाबून. फार मावली नाहीत. बाकीची परसात आहेत आणि त्यांचं काय करायचं मला माहीत नाही. गंगारामभाऊ म्हणतात, आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही होत नाही; उभी नांगरट करू, ऊन खाऊ देऊ, मग वेचू. तोवर गोण्यांतली किती जगतील? मीना म्हणते, वावर बटाईनं देऊन टाका, तुमच्यानं होणार नाही. तिचंही खरं आहे. माझ्यानं होत नाहीये. रविवारी सकाळी आईचं खुरपं घेऊन बसतो, दुपारपर्यंत दोन खाटांएवढी जागा करतो, आणि पुढच्या शनिवारी येऊन बघतो तर ती कुठली होती ते शोधावं लागतं. माझी बोटं सुजतात. आईची आठवण येते, आणि आता खरोखर तिच्या हातांची येते.

बांधावरून माणसं जातात. परवा एकजण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, की अक्का गेली अन् बघा वावरात कसं गवत माजलं. मी मान वर केली नाही. तुझ्या कोपऱ्यातल्या ठोंबांना नवी पाती फुटलीत, एवढंच बघून आलो आणि पुन्हा बसलो.

सकाळी अकराला अजून माझा हात फोनकडं जातो. मास्तर बघतात आणि वहीत मान घालतात. अक्का, एकदा फोन कर आणि खरं सांग. म्हण की, काहून केलंस रे असं गाढवावानी, शंभरदा सांगितलं होतं ना तुला. मी गुपचूप ऐकून घेईन, उलटून एक शब्द बोलणार नाही. नाही, खोटं कशाला बोलू, बोलेनच मी उलटून, म्हणजे तुला पुन्हा बोलावं लागेल.